टायर बदलूनही जुनी मोटरहोम भरकटतेय? नवे टायर घेण्याआधी जुने वाचा

आधी जुन्या मोटरहोमची, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीची, लक्षणं सांगतो. यातली दोन-तीन जरी तुमच्या गाडीत असली तरी पुढचं वाचा.

- सरळ, सपाट रस्त्यावरही गाडी एका रेषेत राहत नाही. स्टेअरिंग सतत थोडं इकडे, थोडं तिकडे करत राहावं लागतं आणि तासाभरात खांदे भरून येतात.
- शेजारून मोठा ट्रक गेला की गाडी आधी बाहेर ढकलली जाते, मग आत ओढली जाते.
- पुढचे टायर एका कडेला गोटा झालेत, दुसऱ्या कडेची नक्षी मात्र शाबूत आहे. किंवा टायरवर गोलाकार खळगे पडलेत आणि चालताना घूंऽऽ असा आवाज येतो.
- ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरतं, वेग वाढला की थांबतं.
- गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदा बसून थांबत नाही, तीन-चार वेळा डुलते.
- उभी असताना मागून बघितली तर एका अंगाला कललेली किंवा मागे बसलेली दिसते.
- नवे टायर टाकले की महिना-दोन महिने सगळं छान, आणि मग पुन्हा तेच.

माझ्याकडे आलेल्या बहुतेक जुन्या मोटरहोममध्ये शेवटचं लक्षण होतंच. माझ्या स्वतःच्या गाडीत तर होतंच होतं. पुढच्या टायरचे दोन संच मी एकापाठोपाठ एक खाऊन टाकले. दोन्ही वेळा टायर हलके निघाले असं समजून दुकानदाराला शिव्या दिल्या आणि तिसरा संच घ्यायच्या आधी पहिल्यांदा गाडीखाली शिरलो. दोष एका रबरी बुशमध्ये, म्हणजे सांध्यात बसवलेल्या रबराच्या कड्यात होता. त्या बुशची किंमत एका टायरच्या तुलनेत किरकोळ होती.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. फुकटातल्या तपासण्या आधी, पैसे लागणाऱ्या नंतर, आणि टायरची खरेदी मधे कुठेतरी, अगदी सुरुवातीला कधीच नाही. अपवाद एकच: टायर धोकादायक अवस्थेत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी गाडी थांबवायची. ते कसं ओळखायचं ते पहिल्या दोन तपासण्यांत येईलच.

१. टायर हाताने वाचा

खर्च शून्य, वेळ पंधरा मिनिटं. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना अडण लावा आणि तळहात टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत लागतं आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचतं का? तसं असेल तर टो बिघडलेला आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांना समांतर न चालता आत किंवा बाहेर वळून घासतायत. डोळ्यांना हे लवकर दिसत नाही, हाताला लगेच कळतं. टायरवर तारा बाहेर आल्यासारख्या वाटल्या तर हात फिरवू नका, तो टायर तसाही संपलाय.

दोन्ही कडा झिजल्यात आणि मध्य शिल्लक आहे, तर हवा कमी राहिली. मध्य झिजलाय, तर जास्त. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड गेलीय, तर कॅम्बर (चाकाचा उभा कल) किंवा टो. थोड्या थोड्या अंतरावर खळगे असतील तर चाक रस्त्यावर आपटत आपटत चाललंय. अशा वेळी शॉकअब (धक्के शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर), बॅलन्सिंग किंवा एखादा ढिला सांधा यांच्यावर संशय घ्यायचा. हे खळगे एकदा पडले की शॉकअब बदलूनही आवाज जात नाही, कारण टायरचा आकारच बिघडलेला असतो. नवे शॉकअब बसवून 'काही फरक पडला नाही' म्हणणाऱ्यांची गोम बऱ्याचदा इथे असते.

जे दिसलं ते लिहून ठेवा. चाकाची जागा, कुठली कड, कसली झीज. फोटो काढा. पुढे मेकॅनिककडे जावं लागलं तर एवढं वर्णन त्याच्या तासाभराचं काम वाचवतं. आणि टायर बदलून जुने तिथेच टाकून आलात, तर हा सगळा पुरावाही त्यांच्याबरोबर जातो.

२. टायरचं वय

मोटरहोमचे टायर झिजून क्वचितच मरतात. ते म्हातारे होऊन मरतात. वर्षात थोडे दिवस चालायचं आणि उरलेले महिने उन्हात एकाच जागी, पूर्ण वजनाखाली उभं राहायचं, हे रबराला फार वाईट. टायरच्या रबरात ओझोनपासून वाचवणारी मेणासारखी द्रव्यं असतात. टायर फिरला, दबला, वाकला की ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीत हे होत नाही आणि साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बारीक चिरा धरायला लागतात. नक्षी नव्यासारखी दिसते, म्हणून मालक निर्धास्त असतो. टायर चकाचक दिसावेत म्हणून पेट्रोलियमवर आधारलेलं पॉलिश चोपडणं तर आणखी घातक, कारण ते हीच द्रव्यं धुऊन काढतं. साधं साबणपाणी आणि चाकांवर पांढरं आच्छादन पुरेसं.

वय बघायला साइडवॉलवर 'डीओटी'ने सुरू होणारा आकडा शोधा. शेवटचे चार अंक कामाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारच्या जागी तीनच अंक दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. हसू नका, जुन्या मोटरहोमच्या स्टेपनीवर मी असे तीन अंक प्रत्यक्ष बघितलेत. पूर्ण आकडा बहुतेकदा टायरच्या एकाच बाजूला छापलेला असतो, त्यामुळे बाहेरून दिसला नाही तर टॉर्च घेऊन आतल्या बाजूने बघावं लागतं. मागे प्रत्येक बाजूला शेजारी-शेजारी दोन चाकं असतील, तर त्या जोडचाकांत आरसाही लागतो.

मिशेलिनसारख्या उत्पादकांचा सल्ला असा, की ५ वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावा आणि उत्पादनापासून १० वर्षं झाली की नक्षी कितीही शिल्लक असली तरी काढावा. मी स्वतः जड मोटरहोमला ७ वर्षांच्या पुढे टायर ठेवत नाही, पुढच्या चाकांना तर नाहीच. ही माझी भीती समजा. पण पुढचा टायर वेगात फुटल्यावर अशी गाडी सांभाळायची म्हणजे काय, हे एकदा अनुभवलं की अशी भीती बसतेच.

साइडवॉलवर फुगवटा दिसला, चिरेत आतले धागे दिसले किंवा नक्षीचा पट्टा कडेने सुटल्यासारखा वाटला, तर तपासणी इथेच संपली. ती गाडी त्या टायरवर टायरवाल्यापर्यंतसुद्धा न्यायची नाही.

३. हवा, पण थंड टायरमध्ये आणि स्वतःच्या गेजने

हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी बघायची. चालवल्यावर टायर तापतो, दाब वाढतो आणि आकडा फसवतो. ८० पीएसआयच्या टायरमध्ये तापमान १० अंश सेल्सिअसने बदललं की दाब साधारण ३ पीएसआयने बदलतो. म्हणून तापलेल्या टायरमधून 'जास्त झाली' म्हणून हवा सोडू नका. सकाळी तो टायर कमी हवेचा निघेल, आणि कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि त्या उष्णतेनेच फुटतो.

गेज चांगला घ्या, आणि १०० पीएसआयच्या वर मोजणारा. बारमध्ये मोजत असाल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. पंपावरच्या गेजवर मी विश्वास ठेवत नाही, दोन पंपांचे आकडे सहसा जुळत नाहीत.

जोडचाकांमधलं आतलं चाक ही खरी अडचण. हात पोचत नाही, म्हणून तिथली हवा महिनोन्महिने कुणी बघत नाही. बूट मारून आवाज ऐकण्याची पद्धत इथे कुचकामी आहे, कारण बाहेरच्या टायरने वजन उचललेलं असतं आणि आतला रिकामा असला तरी बाहेरून काही कळत नाही. व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन लावलेलं असेल तर ते हलवून बघा, साबणपाणी सोडून बुडबुडे बघा. लवचीक, आधार न दिलेली एक्स्टेन्शन मी दिसली की काढून टाकतो. ती स्वतःच गळतात. त्यांच्याऐवजी धातूचे लांब, वाकवलेले व्हॉल्व्ह बसवता येतात.

आणखी एक नियम पाठ असावा: टायर ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याखाली चालवला गेला असेल तर तो हवा गेलेला टायर समजायचा. ८० पीएसआयचा टायर ६४ वर चालत होता, तर नुसती हवा भरून पुढे जायचं नाही. तो उतरवून आतून तपासून घ्यायचा. आतल्या तारांना इजा झालेली असते आणि हवा भरतानाच साइडवॉल फाटू शकते. टायरवाले अशा टायरला लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरतात ते उगाच नाही.

४. वजन करा

माझ्या मते अख्ख्या यादीतली सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच, आणि लोक नेमकी हीच टाळतात. कारण काय, तर गाडीच्या पाटीवर वजन लिहिलेलं आहे ना! पाटीवरचं वजन म्हणजे गाडीची मर्यादा. तुमची आजची गाडी किती भरते, हे त्या पाटीला काय माहीत? वीस वर्षांत आधीच्या मालकांनी छपरावर एसी चढवला, मागे सायकलींचा रॅक लावला, जास्तीच्या बॅटऱ्या टाकल्या, पडदेच काय, लाकडी जमीनसुद्धा बदलली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे १५० लिटरची टाकी भरली की दीडशे किलो वाढले.

प्रवासाला निघताना भरता तशीच गाडी भरा, पाणी, इंधन, माणसं सगळ्यांसकट, आणि वजनकाट्यावर घ्या. आधी पुढची चाकं, मग सगळी गाडी, मग फक्त मागची चाकं. जमलं तर डावी आणि उजवी बाजू वेगळी. फ्रिज, पाण्याची टाकी आणि जनरेटर एकाच अंगाला असतील तर दोन बाजूंत शे-दोनशे किलोंचा फरक सहज निघतो, आणि गाडी एका बाजूला का कलते याचं उत्तर काट्यावरच मिळून जातं.

आता भरकटण्याशी याचा संबंध. मोटरहोमची शेपटी मागच्या धुऱ्याच्या (अ‍ॅक्सलच्या) बरीच मागे गेलेली असते. समजा पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांत ४ मीटर अंतर आहे आणि मागच्या धुऱ्याच्या २ मीटर मागे तुम्ही १२० किलोंचं सामान टांगलंत. तरफेच्या हिशोबाने मागच्या धुऱ्यावर १८० किलो वाढतात आणि पुढच्यावरून ६० किलो उचलले जातात. पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग पोकळ लागतं, वाऱ्याला गाडी नाचते. मग मालक स्टेअरिंग बॉक्स बदलायला निघतो. त्याआधी मागचा रॅक रिकामा करून, जड सामान दोन धुऱ्यांच्या मधे आणून एक फेरी मारून बघा. निम्मी तक्रार तिथेच गेलेली मी बघितली आहे.

मिळालेल्या वजनावरून हवेचा दाब ठरवायचा. टायर कंपन्या प्रत्येक मापासाठी वजन आणि दाबाचा तक्ता देतात. एका धुऱ्याच्या दोन बाजूंपैकी जी जड, तिच्या हिशोबाने दाब काढायचा आणि त्या धुऱ्याच्या सगळ्या टायरमध्ये तोच भरायचा. साइडवॉलवर छापलेला दाब हा त्या टायरच्या कमाल वजनक्षमतेसाठीचा असतो. पुढचा धुरा हलका असताना डोळे मिटून तोच भरला तर टायर दगडासारखा होतो, मध्यावर झिजतो आणि प्रत्येक भेगेवर गाडी उडवतो.

५. नवे टायर: आता आकडे हातात आहेत

वजन कळलं, आता खरेदीचं बोलू. माप गाडीच्या पाटीवरचं किंवा उत्पादकाच्या पुस्तकातलं. आधीच्या मालकाने काय बसवलं होतं त्यावरून माप धरू नका.

मापानंतर येणारा लोड इंडेक्स हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा. १०९ म्हणजे १०३० किलो, ११२ म्हणजे ११२०, ११५ म्हणजे १२१५, ११६ म्हणजे १२५०, १२१ म्हणजे १४५० किलो, प्रत्येकी एका टायरचे. दोन आकडे तिरक्या रेघेने लिहिलेले असतील, उदाहरणार्थ ११५/११२, तर पहिला एकट्या चाकासाठी आणि दुसरा जोडचाकांसाठी. एलटी (हलक्या ट्रकचं) २२५/७५ आर १६ हे जुन्या मोटरहोममधलं नेहमीचं माप घ्या, लोड रेंज (टायरच्या मजबुतीचा दर्जा) ई. एकटा असेल तर १२१५ किलो, जोडीत असेल तर ११२०. मागच्या चार टायरचे ४४८० किलो झाले. ऐकायला भरपूर वाटतं, पण जोडीतला एक बसला की त्याच्या जोडीदारावर एकदम दुप्पट भार येतो. म्हणून एक फुटला तर दुसऱ्याचीही आतून तपासणी, मग तो बाहेरून कितीही ठणठणीत दिसो.

काट्यावरच्या वजनापेक्षा थोडी शिल्लक ठेवा, पण हावरटपणा नको. जास्त क्षमतेचा टायर घेतला म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. रिम, पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), धुरा, ब्रेक तेच राहतात. रिमवरही वजनाची आणि दाबाची मर्यादा कोरलेली असते, ती वाचा.

मोटारीचे टायर, माप जुळलं तरी, या गाडीला घालू नका. छोट्या युरोपीय चेसीवरच्या मोटरहोमसाठी 'सीपी' छापलेले टायर मिळतात. ते कॅम्पिंगच्या गाड्यांसाठी बनवलेले असतात, कायम पूर्ण भाराखाली उभं राहणं गृहीत धरून. सीपी टायर 'सी' छापलेल्या, म्हणजे मालवाहू व्हॅनच्या टायरपेक्षा जास्त दाबावर चालतात. त्यांना साधे रबरी व्हॉल्व्ह चालत नाहीत, कारण ते साधारण ६५ पीएसआयपर्यंतच्या कामाचे असतात. धातूचे व्हॉल्व्ह मागून घ्या आणि टायर दर वेळी बदलताना नवेच घ्या.

दुकानात टायर रिमवर चढवायच्या आधी आठवड्याचा आकडा बघा. 'नवा' टायर दुकानात तीन वर्षं पडलेला असू शकतो, आणि तुमच्यासाठी ती तीन वर्षं गेलीच. आपण बघतोय म्हटल्यावर दुकानदार मागून दुसरा संच काढतो, हा माझा नेहमीचा अनुभव.

जोडचाकांचे दोन टायर एकाच मापाचे, शक्यतो एकाच कंपनीचे आणि सारख्या झिजेचे हवेत. व्यासातला फरक ६ मिलिमीटरच्या आत असावा. मोजपट्टीने घेर मोजला तर हा फरक १९ मिलिमीटरच्या आसपास येतो. मोठा टायर जास्त वजन उचलतो आणि छोटा रस्त्यावर घासत जातो, कारण दोघं एकाच हबला जखडलेले असल्यामुळे वेगवेगळ्या गतीने फिरूच शकत नाहीत. ७०० मिलिमीटर व्यासाच्या टायरमध्ये एवढा फरक म्हणजे किलोमीटरमागे ८-९ मीटर घासणं. म्हणून अर्धी झिजलेली स्टेपनी जोडीत कायमची बसवायची नसते. रुंद टायर टाकायची हौस असेल तर आधी दोन टायरमधली फट मोजा. भार आला की साइडवॉल फुगतात आणि एकमेकांना घासायला लागतात.

६. गाडीखाली टॉर्च घेऊन

इथून पुढे कपडे खराब होतात. आधी जीव वाचवण्याचं बोलू. गाडी समतल करणारे जॅक हे कॅम्पवर गाडी स्थिर करायला असतात, त्यांच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. एअर सस्पेन्शनच्या गाडीत तर हवा सुटली की चेसी क्षणात खाली बसते. चेसीखाली भक्कम स्टँड लावल्याशिवाय डोकं आत घालू नका. इथली बरीचशी पाहणी गाडी चाकांवरच असताना, शेजारी आडवं पडून होते, तेवढीच करा.

सुरुवात मोजपट्टीने. चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतची उंची मोजा. डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल आणि काट्यावर वजन सारखं आलं असेल, तर त्या बाजूचा पाटा किंवा स्प्रिंग दमलेली आहे. हे आकडे दरवर्षी लिहून ठेवा. पाटे इतके हळूहळू बसतात की रोज बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

पाट्यांवर आडवी तडा गेलेली रेघ आहे का? तड्यातून बऱ्याचदा गंजाचा लाल ओघळ दिसतो. पाटे एकमेकांवरून सरकून बाहेर आलेत का? तसं असेल तर मधला सेंटर बोल्ट तुटलेला असू शकतो आणि धुरा जागचा हललेला असू शकतो. यू-बोल्टच्या आसपास चकचकीत घासलेली जागा दिसली तर तिथे काहीतरी हलतंय. शॅकलचे (पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या कडीचे) बुश बाहेर आलेत का, रबराचा भुगा पडलाय का, हेही बघा.

अँटी-रोल बारचे (गाडीला बाजूला झुकू न देणाऱ्या आडव्या दांड्याचे) बुश आणि त्याच्या दोन उभ्या लिंक यांच्याकडे मात्र निवांत वेळ द्या. गाडी सरळ असताना या भागावर ताण नसतो, त्यामुळे बुश अर्धा खाल्लेला असला तरी आवाज येत नाही. वळणावर किंवा ट्रकच्या वाऱ्याच्या धक्क्याने गाडी झुकते, तेव्हा बार आधी त्या पोकळीत फिरतो आणि मग पकड घेतो. चालवणाऱ्याला गाडी उशिरा प्रतिसाद देतेय असं वाटतं. तो जास्त स्टेअरिंग फिरवतो, मग उलटं फिरवतो, आणि भरकटणं सुरू होतं. माझे दोन संच याच भानगडीत गेले. बार हाताने धरून जोरात हलवा. बार आणि रबर यांच्यात फट उघडताना दिसली तर बुश गेले. रबरी बुश वयानेच कडक होतात, चालवलेले किलोमीटर मोजून त्यांचं आयुष्य ठरत नाही. पॉलियुरेथेनचे बुश जास्त टिकतात, पण ग्रीस न लावता बसवले तर किंचाळतात.

७. शॉकअब

कोपरा दाबून सोडायची युक्ती मोटारीला ठीक. पाच टनांची गाडी हाताने दबत नाही. त्याऐवजी वीसेक मिनिटं खडबडीत रस्त्यावर चालवा, थांबा आणि चारही शॉकअबच्या नळ्यांना सांभाळून हाताचा मागचा भाग लावा. शॉकअब हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलतो, म्हणून काम करणारा कोमट किंवा गरम लागतो. तीन गरम आणि एक थंड असेल तर थंड असलेला नुसता लटकलाय. एक्झॉस्टजवळचा शॉकअब बाहेरूनही तापतो, तेवढं लक्षात ठेवा. नळीवर तेलाचा ओला ओघळ असेल तर चाचणीचीही गरज नाही. नुसती धूळ चिकटलेली पुसट ओल चालते.

बदलायचे तर एका धुऱ्याचे दोन्ही. आणि शॉकअब वजन उचलत नाहीत. मागे बसलेली गाडी नव्या शॉकअबने वर येईल अशी आशा ठेवू नका.

८. एअर बॅग

काही जुन्या चेसींमध्ये, उदाहरणार्थ शेवरोलेच्या पी-३०मध्ये, पुढच्या कॉइल स्प्रिंगच्या पोटात छोट्या एअर बॅग असतात. त्यांतली हवा गेली की नाक खाली जातं, कॅस्टर (चाकं सरळ ठेवणारा पुढचा कोन) बदलतो आणि गाडी भरकटते. त्या आहेत हेच अनेक मालकांना ठाऊक नसतं! आधी साबणपाण्याने सांधे तपासा, मग दाब बघा.

मागे नंतर बसवलेल्या सहायक एअर बॅग असतील तर दोन्हींच्या नळ्या टी लावून एकत्र जोडल्यात का ते बघा. तशा असतील तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी आणखी झुकते. दोन बाजूंना स्वतंत्र नळ्या हव्यात. आणि एअर बॅग ही बसलेले पाटे लपवण्यासाठी वापरू नका, गाडीची वजनमर्यादा तिने वाढत नाही.

९. स्टेअरिंगचे सांधे, आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट

दोन माणसं लागतात. गाडी चाकांवर, हँडब्रेक ओढलेला, अडण लावलेलं. एकाने आत बसून स्टेअरिंग दोन-तीन इंच डावीकडे-उजवीकडे हलवत राहायचं, दुसऱ्याने बाजूला बसून प्रत्येक सांध्याकडे बघायचं: टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक, पिटमन आर्म, आयडलर आर्म. एक भाग हलतोय आणि त्याला जोडलेला दुसरा उशिरा हलतोय, तिथे प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे. बोट सांध्यावर ठेवलं तर कट्ट असं जाणवतंसुद्धा.

प्ले दिसला म्हणून स्टेअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळून टाकणं हा जुना आणि वाईट उपाय आहे. जास्त आवळला तर वळणानंतर स्टेअरिंग आपोआप मध्यावर येत नाही, आतले दात झिजतात, आणि मूळ प्ले टाय रॉडमध्येच राहतो. जाड स्टेअरिंग डॅम्पर बसवण्याबद्दलही माझं मत असंच. त्याने थरथर दबते, पण ढिला सांधा ढिलाच राहतो आणि तुम्हाला त्याचा इशारा मिळेनासा होतो.

अलाइनमेंट सगळं दुरुस्त झाल्यावर, नेहमीच्या भाराने भरलेल्या गाडीवर आणि योग्य उंचीवर करायची. रिकाम्या टाकीने केलेली अलाइनमेंट प्रवासाला निघताच बदलते, कारण गाडी बसली की कोन बदलतात. माझ्या गाडीची एका गॅरेजने तीनदा अलाइनमेंट केली, तीनही वेळा रिकामी, आणि तीनही वेळा छापील कागदावर सगळं हिरवं! ३ मिलिमीटर टो चुकला तर प्रत्येक पुढचं चाक किलोमीटरमागे सुमारे २ मीटर आडवं घासतं. नवे टायर अशा गाडीत एका मोसमात कसे जातात, ते यावरून कळावं.

कुठे थांबायचं

बुश, लिंक, शॉकअब, व्हॉल्व्ह, एवढं हत्यारं आणि सवय असेल तर घरी होतं. पुढच्या गोष्टींना मी स्वतः हात लावत नाही आणि तुम्हीही लावू नका.

कॉइल स्प्रिंग काढणं. दबलेली स्प्रिंग सुटली तर हात, तोंड, काहीही जाऊ शकतं. पाटे उतरवणं आणि यू-बोल्ट बदलणं, कारण वापरलेले यू-बोल्ट पुन्हा लावायचे नसतात आणि नवे ठरलेल्या टॉर्कनेच आवळावे लागतात. किंगपिन आणि बॉल जॉइंट, ज्यांना प्रेस लागतो. हवा कमी असताना चाललेल्या टायरमध्ये पुन्हा हवा भरणं. तडा गेलेली रिम किंवा लांबट झालेली नटांची भोकं. चेसीवर, पाट्याच्या हँगरपाशी गंजाने पडलेली पापुद्री. ही शेवटची दिसली तर मेकॅनिक गाडी बघेपर्यंत ती चालवूच नका.

चालवताना स्टेअरिंग अचानक एका बाजूला खेचलं, खालून धाडकन आवाज आला किंवा मागे एका बाजूने रबर जळल्याचा वास आला, तर हळूहळू वेग कमी करत कडेला घ्या, जोरात ब्रेक मारू नका, आणि टो ट्रक बोलवा. जोडचाकांतला आतला टायर बसला असेल तर तो बाहेरच्याला घासून पेट घेऊ शकतो.

मेकॅनिकला फोन करताना गाडी कुठली ते नंतर सांगा. आधी काट्यावरचं वजन, लांबी आणि उंची सांगा आणि त्याची लिफ्ट व अलाइनमेंटची रॅक ते वजन पेलते का, ते विचारा. आपण पोचल्यावर 'ही मावणार नाही' हे उत्तर मी दोनदा ऐकलंय. काम झाल्यावर चाकांचे नट कुणी आवळले, किती टॉर्कने, ते कागदावर लिहून घ्या, आणि ८०-१०० किलोमीटर चालवून झाल्यावर तेच नट स्वतःच्या टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. आतल्या चाकाची हवाही त्याच थांब्यावर बघा. टायर तेव्हा गरम असतील, म्हणून नेमका आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, पण व्हॉल्व्ह नीट बसलाय की गळतोय एवढं तिथेच कळतं.